एका जोडीतला उजवा बूट

गुडघ्यात कट्‌ असं वाजलं आणि मी फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध खाली बसले. उजव्या बुटाचे स्टड कडक मातीत रुतले, पाय तिथंच राहिला आणि अंग वळलं. डाव्या पायात बूट नव्हता, नुसतं फडकं बांधलेलं.

"काहून बसली वं? ऊठ!" माझी मैत्रीण धावत आली.

"पाय टेकत नाही."

ती डाव्या बाजूला खेळायची, मी मधल्या फळीत. आमच्या दोघींत बुटाचा एकच जोड होता, माझ्या भावाचा. मोठा व्हायचा, पुढं चिंध्या कोंबायचो. ती डाव्या पायानं मारायची म्हणून डावा तिचा, उजवा माझा. त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही.

त्या दिवशी निवड करणारे साहेब आले होते. राज्याच्या संघात जी जाईल तिला पुढं सरकारी खात्यात नोकरी लागेल, असं आम्हाला खेळ शिकवणारे सर सांगायचे. माझी शाळा चौथीनंतर सुटली होती. नोकरी लागली असती तर ती पायांवरच.

"अरे, बाहर लाओ उसको! खेल रुका है!" सर ओरडले.

संघातल्या दोघींनी मला उचलून रेषेबाहेर ठेवलं. मैत्रीण माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे पाहून राहिली होती.

"उजवा दे नं."

"आँ?"

"तुले आता काय कामाचा? साहेब पाहून राहिले."

नाडी तिनंच सोडली. बूट ओढताना गुडघा हलला तशी मी तिला शिवी घातली.

"दे अजून शिव्या. पण पाय सरळ ठेव."

दोन्ही पायांत बूट घालून ती माझ्या जागेवर खेळली. चांगली खेळली. तिच्या पासवर गोल झाला आणि साहेबांनी तिलाच निवडलं.

घरी वडिलांनी हाडं बसवणाऱ्या पैलवानाला आणलं. "नस चढी है, उतर जाएगी," म्हणत त्यानं तेल लावून गुडघा ओढला. सूज गेली, गुडघा सैल राहिला. पुढं मी खेळायला गेले, पण वळले की पडायचे. न वळता मधल्या फळीत खेळता येत नाही. खेळ सुटला, मग लग्न झालं.

तिला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. सणाला ती माझ्या घरी यायची.

"माझा बूट कुठाय?" मी विचारायचे.

"आहे नं घरी. आता काय पोरांसंग लंगडी खेळतं?"

पोरं हसायची, मीही हसायचे. राग होता. त्यातला तिच्यावर किती आणि पैलवानावर किती, हे मला सांगता येत नाही.

दोघी म्हाताऱ्या झालो. मागच्या थंडीत ती गेली. तिला जाळायला नेलं त्या नदीकाठच्या ग्वारीघाटच्या पायऱ्या मला उतरवल्या नाहीत, वरूनच पाहिलं. बूट काही मिळाला नाही. आमच्या त्या संघातली आता मी एकटीच जिवंत आहे.