दोन कानांच्या दोन रेघा

आमच्या धाकटीचा हात चुलीत भाजला, तेव्हा तिचे वडील तिच्याकडे पाठ करून भाकरी खात बसले होते. मी पाण्याला गेले होते. तिचं रडणं मला नळापाशी ऐकू आलं आणि चुलीजवळच बसलेल्या बापाला नाही. हात बरा झाला, पण त्याच दिवशी मी ठरवलं, यांना साळखात्यातून बाहेर काढायचं.

साळखातं म्हणजे गिरणीतला मागांचा विभाग. सगळे माग एकदम चालले की शेजारच्याच्या कानापर्यंतही शब्द पोचत नाही. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते ओठ वाचतो. आमचे हे त्यात पटाईत. घरीही आमचं निम्मं बोलणं तसंच चालायचं. सासूबाईंच्या समोर भांडायला फार सोयीचं. पण यांचे कान जात होते आणि ते काही केल्या कबूल करत नव्हते. "येतंय की ऐकू," एवढंच.

कान कमी झालेत असं डॉक्टरनं लिहून दिलं तर घडीखात्यात, कापडाच्या घड्या घालायला घेतो, असं मुकादम म्हणाला. तिथं शांतता. उरलंसुरलं तरी वाचेल, म्हणून मी हात धुऊन यांच्या मागं लागले आणि सुट्टीच्या दिवशी भवानी पेठेतल्या एका दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी चौकटीच्या कागदावर दोन रकाने आखले, एक उजव्या कानाचा, एक डाव्याचा. मग दोन पायांचा एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून यांच्या कानाशी धरला. "व्हय, घुमतंय," हे म्हणाले. कागदावर टिंब पडलं. मग डॉक्टर पार भिंतीशी गेले, यांना एक कान बोटानं बंद करायला सांगितला आणि कुजबुजले. दाराशी बसलेल्या मला काही ऐकू आलं नाही. हे मात्र खणखणीत आवाजात म्हणाले, "बाभूळ."

मी उठून पुढं झाले.

"डॉक्टरसाहेब, ते तुमच्या तोंडाकडं बघत्यात. तोंड झाका की जरा," मी म्हटलं.

डॉक्टर हसले. "बाई, आवाज आल्याशिवाय शब्द कळेल कसा? परीक्षा मला घेऊ द्या."

यांनी माझ्याकडे वळून नुसत्या ओठांनी बजावलं, "गप बस."

कान बदलला, शब्द बदलले. टिंबांवर टिंबं पडत गेली आणि डॉक्टरांनी ती जोडली. दोन्ही रेघा सारख्या, सरळ. खाली लिहिलं, कान उत्तम.

बाहेर आल्यावर हे मॅट्रिक पास झाल्यासारखे खूष. "बघितलंस? मी म्हणत न्हवतो?" त्यात खोटेपणा असता तर मी भांडले असते. पण आपण ऐकलं, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. मला भीती वाटली ती त्याचीच.

ते पुढे चालत होते, मी मागं. मी थांबले. "अहो," म्हटलं. ते चालतच राहिले. पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मग मला कसला संताप चढला कोण जाणे. नवऱ्याचं नाव मी आजवर उखाण्यापुरतंच घेतलेलं. तेच नाव मी भर रस्त्यात जीव खाऊन, पुन्हा पुन्हा ओरडले. पानवाला थबकला. ओट्यावर सूत उलगडणाऱ्या बायका हातातलं सोडून बघत राहिल्या, एकीनं तोंडाला पदर लावला. सगळी पेठ माझ्याकडं वळली. ते मात्र कागद हातात धरून, ताठ मानेनं, उद्याच्या पाळीला पुन्हा मागावर जायला मोकळे झालेले, तसेच पुढे चालत गेले.