दंव नसलेली पहाट

आमच्या नाटक मंडळीत बावीस वर्षं पडदा भाऊरावांनी ओढला. प्रेक्षकांना त्यांचा चेहरा कधी दिसला नाही. पण माझ्या प्रवेशाआधी श्वासभर थांबणारा तो पडदा त्यांचा होता, आणि माझ्या टाळ्यांतला वाटा मी आजही त्यांना देते.

आम्ही दोघं मुलुंडला एकाच सोसायटीत राहतो, डोंगराच्या पायथ्याशी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, आग राहिली. सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. कुणी आलं की ते पंचा पुढे धरतात, अंगाला लागू न देता. हल्ली फेब्रुवारीतच उकाडा चढतो, तसं दुखणंही चढतं.

सोसायटीमागच्या उतारावर त्यांनी आणि शेजारच्या गंधालीने साठ-सत्तर झाडं लावली होती. करंज, आपटा, पळस. दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो, म्हणून हिवाळ्यात भाऊराव झाडांभोवतीचं गवत विळ्याने कापून पट्टा मोकळा करत. गेल्या हिवाळ्यात विळा उचलला की बरगडी पेटायची. गंधालीला सांगायचा त्यांना संकोच वाटला. मग मालवणकडचं वडिलांचं शेत आठवलं. तिथे पहाटे, गवत दंवाने ओलं असताना, असा पट्टा जाळून घेत. आग पावलापावलाने चालते, हिरव्या डहाळीने दाबता येते.

जानेवारीत एका पहाटे ते एकटेच वर गेले आणि काडी लावली. गवतावर आधी हात फिरवून बघावा, हे सुचलंच नाही. या दिवसांत दंव असायचंच, हे हाडात बसलेलं. दंव नव्हतं. नऊ वाजेपर्यंत सगळा उतार काळा झाला.

खापर सुंदराबाईवर फुटलं. ती वरच्या पाड्यावरची, मागच्या फाटकाने सरपण नेणारी, आम्हाला करवंदं आणून देणारी. विडी ओढते, तिनेच टाकली असणार, असं ठरलं आणि फाटकाला कुलूप लागलं. गंधालीच त्यात पुढे होती.

भाऊरावांनी हे मला सांगितलं तेव्हा हातातला पंचा गळून पडला होता. मी म्हटलं, गप्प राहा, या वयात कशाला. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलले. हे माझं स्वतःचं होतं, आणि हलकं होतं.

"बाई, रोज धुराच्या वासाने जाग येते," ते म्हणाले. "उठून बघतो तर धूर नसतो."

रविवारी सोसायटीच्या बैठकीला ते सदरा घालून गेले, सगळी बटणं लावून. उभं राहून सांगून टाकलं. गंधाली त्यांच्याकडे न बघता उठली, वॉचमनकडून किल्ली घेतली आणि फाटक उघडून पाड्याची वाट धरली. आम्ही दोघं हळूहळू मागून.

सगळं ऐकून सुंदराबाईला काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "मी बघितलं व्हतं. डहाळी जळाली, तर अंगावरच्या पंच्यानं आग मारत व्हते."

"मग बोलली का नाहीस गं?" गंधालीने विचारलं.

"त्यांच्या अंगात आधीच आग हाय."

आता गवत गंधाली आणि सुंदराबाई मिळून कापतात. भाऊरावांना वर जायचं कारण नाही, तरी पहाटे जातात. जळक्या बुंध्यांमधल्या गवतावर तळवा फिरवतात आणि उतरून फाटकाशी उभ्या असलेल्या मला दाखवतात.

तळवा कोरडा असतो.