सासूबाई, मी आणि आमचा सर्फबोर्ड

चाळिशी ओलांडल्यावर मी सर्फिंग शिकले असं सांगितलं की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. 'शिकले' हा शब्दही तसा जरा मोठाच आहे. ऑफिसच्या ग्रुपबरोबर कोकणात गेले होते. तिथल्या किनाऱ्यावर एक मुलगी सर्फिंग शिकवत होती. तिने मला बोर्डवर पालथं झोपवलं, मागून लाट आली, ती ओरडली, "उठा!" आणि मी उठले. उभी राहिले. किती वेळ? एक शिंक येऊन जाईल एवढाच. मग नाकातोंडात खारं पाणी. पण तेवढ्या वेळात माझ्या पायाखालून अख्खा समुद्र सरकत होता आणि मी पडत नव्हते. ऐरोलीच्या ऑफिसात बसून मी परदेशातल्या लोकांचे विम्याचे क्लेम तपासते. पायाखालून काही सरकण्याची मला सवय नव्हती.

खारघरला घरी आले, जेवायला बसलो, आणि मी नवऱ्याला म्हटलं, "मला सर्फबोर्ड हवाय."

तो पोळी तोडत म्हणाला, "बनवू की."

हे तो कशाच्या जोरावर म्हणाला ते सांगायला हवं. महाप्याला त्याचा छोटा कारखाना आहे, फायबरग्लासचा. टाक्यांची झाकणं, बसस्टॉपच्या खुर्च्या, आणि बागांमधे चोच उघडून कचरा मागत उभे असतात ते पेंग्विन. "पेंग्विन बनवतो, तर एक फळी नाही बनणार?" असं त्याचं साधं गणित.

फळी बनली. थर्माकोलच्या मोठ्या ठोकळ्यातून त्याने तापलेल्या तारेने आकार कापला, त्यावर फायबरग्लासचं पांढरं कापड पसरलं आणि कापडावर रेझिन, म्हणजे मधासारखं घट्ट, वाळून कडक होणारं रसायन ओतून ते पत्र्याच्या तुकड्याने चोपून बसवलं. वाळल्यावर मला बोलावलं. मी उत्साहाने गेले. पाहिलं तर पाकाचा टोप रात्रभर तसाच राहिल्यावर दिसतो तसं काहीतरी होतं. अंगावर ओघळ, मधेच फुगवटे, कडेला कापडाच्या कडक दशा.

"झाला," तो म्हणाला.

"हा झाला?"

"अगं, पाण्यात कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे."

त्या किनाऱ्यावरच्या मुलीचा बोर्ड असा चकचकीत होता की त्यात ढग दिसायचे. मला तसाच हवा होता. का, ते मला नीट सांगता येत नाही. दिवसभर मी जे काम करते ते संध्याकाळी कुठे दाखवता येत नाही. एक तरी वस्तू अशी असावी, जिच्यात आपला चेहरा दिसेल.

गंमत अशी, की एवढी वर्षं फायबरग्लासमधे घालवूनही चकाकी कशी आणायची हे नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याच्या धंद्यात चकाकी साच्यातून येते. साचा गुळगुळीत, म्हणून पेंग्विन गुळगुळीत. इथे साचाच नव्हता. जे काही यायचं ते हाताने घासूनच. म्हणजे आम्ही दोघंही सारखेच नवशिके, आणि ही गोष्ट मला फार आवडली.

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर महाप्याला जायला लागले. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, त्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. आधी दगडासारखा खरखरीत सँडपेपर, मग जरा बारीक, मग आणखी बारीक. फायबरग्लासची धूळ अंगाला लागली की मरणाची खाज सुटते. घरी आल्यावर आम्ही दोघं बाथरूमच्या दाराशी, आधी कोण, यावरून भांडायचो.

एकदा मी फार रंगात आले. कडेवरचा एक फुगवटा काही केल्या जाईना, तर मी जोर लावून घासत सुटले. फुगवटा गेला, आणि त्याच्या जागी पांढरी जाळी दिसायला लागली. रेझिन संपून मी कापडापर्यंत पोचले होते. माझं तोंडच उतरलं.

"वाया गेला का रे?"

त्याने बोट फिरवून बघितलं आणि हसायला लागला. "पेंग्विनच्या पोटाला रोज पडतं असं भोक. ठिगळ लावू." त्याने कापडाचा छोटा तुकडा लावला, वर रेझिन, आणि पुढच्या वेळी ते ठिगळ त्याने स्वतः घासलं. मला हात लावू दिला नाही.

शेवटी वरून पारदर्शक रेझिनचा एक पातळ हात द्यायचा होता. धूळ बसू नये म्हणून आम्ही पंखे बंद केले, फरशीवर पाणी शिंपडलं, दारं लावली, श्वाससुद्धा बेताने घेतला. तरी एक डास आलाच. सरळ बोर्डच्या मधोमध उतरला आणि तिथेच कायमचा राहिला. वाळल्यावर लांबून बोर्ड सुंदर दिसत होता. जवळून बघितलं की संत्र्याची साल. म्हणजे अजून घासायचं होतं, आता पाणी लावून, वॉटर पेपरने. पण त्याच सुमारास कुठल्याशा बागेची पेंग्विनची मोठी ऑर्डर आली आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. बोर्ड घरी आणावा लागला.

सोसायटीच्या वॉचमनने बोर्डकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं. "मॅडम, ये लिफ्ट में न खडा रहेगा, न सोएगा." सहा मजले जिन्याने चढवला. दर वळणावर कुणीतरी दार उघडून विचारायचं, "काय आहे हो?" आणि नवरा धापा टाकत सांगायचा, "हिचं खूळ."

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. त्या साताऱ्याकडच्या गावी राहतात. थंडी वाढली की गुडघे धरतात, म्हणून महिनाभर आमच्याकडे येतात. माझं आणि त्यांचं कधी वाजलं नाही. पण खरं सांगायचं तर बोलणंही फार झालं नाही. गोळी घेतली का, भाजी कुठली करायची, अमक्याच्या मुलीचं लग्न ठरलं का, यापलीकडे आम्ही कधी गेलो नव्हतो. आमची वीस वर्षं अशीच छान, आब राखून गेली होती.

त्या हॉलमधे शिरल्या. सोफ्यामागे आडवा बोर्ड.

"इस्त्रीची फळी एवढी मोठी कशापायी आणली?"

मी समजावून सांगितलं. समुद्र, लाट, त्याच्यावर उभं राहायचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग वाकून बोर्डचं एक टोक उचलून बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"आगं, लई हलकं हाय की! ह्यो तर बिंडाच!"

त्यांच्याकडे मुलं विहिरीत पोहायला शिकताना पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका पाठीला बांधतात, बुडू नये म्हणून. त्याला बिंडा म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनाच कसं ठाऊक, हे विचारायचंही मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड गच्चीवर नेला. पाण्याच्या टाकीजवळ नळ आहे, तिथे दोन स्टुलांवर तो आडवा ठेवला, बादली भरली आणि वॉटर पेपर भिजवून घासायला लागले. थोड्या वेळाने सासूबाई उन्हाला म्हणून वर आल्या. प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसल्या. जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "दे हिकडं एक कागद. नुसतं बसून पाय आखडत्यात."

असं ते सुरू झालं. बोर्ड मोडू नये म्हणून नवऱ्याने त्याच्या मधून लाकडाची एक पातळ पट्टी उभी घातली होती, ती वरून दिसते. पट्टीच्या अलीकडची बाजू त्यांची, पलीकडची माझी. ही वाटणी त्यांनीच केली. पाणी टाकायचं, गोल गोल घासायचं, दुधासारखं पांढरं पाणी फडक्याने पुसायचं, बघायचं, पुन्हा पाणी टाकायचं. माझी सकाळची शिफ्ट नसेल त्या दिवशी आम्ही दोघी गच्चीवर. खालच्या मजल्यावरच्या काकू पापड वाळत घालायला यायच्या आणि पापड विसरून आमच्याकडे बघत राहायच्या. सासूबाई त्यांना बोलवायच्या, "या, हात फिरवून सांगा बरं, कुनाची बाजू मऊ?" काकू बिचाऱ्या अवघडून म्हणायच्या, "दोन्ही छान आहेत."

"तसं न्हाई. खरं सांगा."

हात कामात असले की तोंड मोकळं होतं. एका सकाळी मी विचारलं, "आई, तुम्ही कधी बिंडा बांधला होता?"

"बांधला की. पर लगीच सोडला. मला लागायचाच न्हाई." त्यांनी कागद बादलीत बुडवला. "माझ्या माहेरची हीर लई खोल. पोरं पायऱ्या उतरून पान्यात शिरायची. मी वरच्या काठावरनं सूर मारायची. माझा बा खाली हुबा ऱ्हाऊन ओरडायचा, 'आगं, बेतानं!' आन् मी खालचा गाळ मुठीत घिऊन वर यायची, पुरावा म्हनून."

माझा हात थांबला. नऊवारीतल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या, लिफ्टमधेसुद्धा कठडा धरून उभ्या राहणाऱ्या या बाई.

"मग?"

"मग काय? लगीन झालं. सासरच्या हिरीचं पानी शेंदायचं आसतं, त्यात उतरायचं नसतं." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कुणी कुठल्या गावचं, ते सांगावं तसं सांगितलं. मग लगेच, "आगं, तुझ्या बाजूला ओघळ ऱ्हायलाय बघ."

रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"आई, तू पोहायचीस?"

"तू कधी इचारलंस?"

"आणि मला विहिरीच्या काठाला फिरकू द्यायची नाहीस! मला अजून पोहता येत नाही!"

"आरं, शेतात काम करू, का तुला राखत बसू?" त्या म्हणाल्या आणि आमटी वाढायला लागल्या. मला हसू आवरेना. सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाला पोहता येत नाही, हे एवढ्या दिवसांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

कागद बारीक होत गेले, तसा बोर्ड आधी उलट मळकट, राखाडी दिसायला लागला. मी घाबरले. नवरा म्हणाला, थांब. पेंग्विन रवाना झाले त्या रविवारी तो ड्रिलला बफ, म्हणजे चमकवायची मऊ चकती, लावून गच्चीवर आला, गाड्यांना लावतात ते रबिंग कंपाउंड घेऊन. त्याने बोर्डच्या एका टोकाला ते थोडं चोळलं, मशीन फिरवलं आणि फडक्याने पुसलं.

तळहाताएवढ्या जागेत आकाश उघडलं. निळं, त्यात टाकीचा काळा कोपरा, आणि एक घार गेली तीसुद्धा दिसली.

मग सासूबाई पुढे वाकल्या आणि त्या तुकड्यात बघून त्यांनी पदर नीट केला. नथ घातलेली नव्हती, तरी नाकाला हात लावून बघितला. नवरा मला म्हणाला, "बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं." दुपारपर्यंत अख्खा बोर्ड चमकत होता. डाससुद्धा काचेत ठेवल्यासारखा झळकत होता. तो खरवडून काढू का म्हणून मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यो बी यील समुद्र बघायला."

खरा गोंधळ नंतर झाला. बोर्डच्या वरच्या बाजूला मेण लावावं लागतं, नाहीतर पाय घसरतो. हे मला आधीपासून माहीत होतं, पण सांगायचं धाडस झालं नव्हतं. मी मेणाची वडी काढून चोळायला लागले आणि सासूबाई उभ्याच राहिल्या.

"एवढं घासून घासून आरसा केला, आन् आता त्याला मेन फासतीस?"

"आई, पाय घसरतो."

"मग आरसा कशापायी केला?"

नवरा जिन्याकडे तोंड करून हसत होता. शेवटी तोड निघाली. मेण फक्त उभं राहायच्या जागेपुरतं, आणि खालच्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. ती बाजू मासे बघतील.

समुद्रावर आम्ही तिघं गेलो, बोर्ड गाडीच्या टपावर बांधून. लाटा लहान होत्या, नवशिक्यांना झेपतील अशा. मी पडले, पुन्हा पडले, आणि मग एकदा उभी राहिले. शिंकेपेक्षा बराच जास्त वेळ. किनाऱ्याला लागले तेव्हा नवरा टाळ्या वाजवत होता, आणि सासूबाई साडीचा काष्टा वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात आलेल्या होत्या.

"मला झोपू दे एकदा त्याच्यावर."

"आई, नको!" नवरा गुडघाभर पाण्यातून ओरडला. पुढे यायची त्याची टाप नव्हती.

त्या पालथ्या झोपल्या. मी बोर्डची कड घट्ट धरली. मागून एक लाट आली, फार मोठी नव्हती, पण भरलेली. मी विचारलं, "सोडू?"

"सोड!"

मी सोडलं. बोर्ड सुळकन निघाला. सासूबाईंनी हनुवटी वर धरली होती आणि दोन्ही हात पसरले होते. त्या मोठ्याने हसत होत्या. वीस वर्षांत त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. लाटेने त्यांना नेऊन अलगद नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. तो वाकून विचारत होता, लागलं का, लागलं का. त्या वाळूत बसून डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "आजून एकदा."

त्या वर्षी त्यांचा महिना लांबत गेला. नवऱ्याने आमच्या सेक्टरजवळच्या जलतरण तलावात पोहण्याच्या क्लासला नाव घातलं. शिकाऊ बॅचमधे तोच सगळ्यात मोठा. रबरी टोपी आणि गॉगल घालून तो कठड्याला धरून पाय आपटतो, आणि बाकावर बसलेल्या सासूबाई सरांना अजिबात बोलू देत नाहीत. "आरं, गुडघ्यातनं न्हाई, मांडीतनं मार! मान सोड, मान!" सर माझ्याकडे बघतात. मी पिशवीतून टॉवेल काढून ठेवते आणि म्हणते, "ऐका त्यांचं."