आजीने लावलेलं दार

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत रवींद्रइतका शंकेखोर माणूस दुसरा नव्हता. औषध कंपनीत त्याचं कामच ते. डॉक्टरांनी पाठवलेल्या नोंदी तपासायच्या आणि ‘हे कुणी पाहिलं?’ असं विचारून त्यांना भंडावून सोडायचं. बायको नीला म्हणाली दूध संपलंय, तरी हा स्वतः फ्रीज उघडून बघणार. पण रविवारी दुपारी त्याच्या हॉलमध्ये आम्ही प्रार्थनेला जमलो, की हाच गृहस्थ पुराव्याला सुट्टी देऊन गोष्टी सांगायचा. सांगायचा मात्र छान, म्हणून आम्हीही कधी काही विचारलं नाही.

त्याची ठेवणीतली गोष्ट आजीची. त्याचे वडील प्रतापराव कॉलेजात असताना ख्रिस्ती झाले, तेव्हा आजीने त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि मरेपर्यंत मुलाचं तोंड पाहिलं नाही. ऐकताना बायका डोळे पुसायच्या. मीही पुसले आहेत, आणि आता त्या डोळ्यांचा मला राग येतो.

२००४च्या उन्हाळ्यात त्याची पद्मजाआत्या, म्हणजे प्रतापरावांची धाकटी बहीण, नगरहून आमच्या शेजारच्या राले शहरात आपल्या मुलाकडे आली होती. बाई देवदेव करणारी, पण भाच्याने बोलावलं म्हणून एका रविवारी आली आणि सोफ्याच्या कडेला ऐकत बसली.

त्या दिवशी विषय होता, लूकने येशूचं चरित्र का लिहिलं. रवींद्र रंगात आला होता. लूक काही येशूबरोबर हिंडलेला नव्हे. पण थियफिल नावाच्या एका सद्गृहस्थाला जे शिकवलं गेलं होतं, ते पक्कं आहे अशी त्याची खात्री पटावी, म्हणून लूकने प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांच्या हकिगती मुळापासून तपासल्या आणि मगच लिहायला घेतलं. “ऐकीव गोष्टीवर तो थांबला नाही,” रवींद्र म्हणाला, आणि त्याच दमात, “आता माझ्या आजीचंच बघा,” म्हणत त्याने दाराची गोष्ट काढली.

गोष्ट संपल्यावर त्याची मुलगी सिया म्हणाली, “बट डॅड, तू तर तिथे नव्हतास. तू कुणाला आस्क केलंस?”

“अगं, फॅमिलीत सगळ्यांना माहीत आहे.”

“आत्याआजीला आस्क केलंस?”

सगळे हसले. रवींद्रही हसला. “आत्या, सांग हिला.”

आत्याने आधी पदर सारखा केला. “दार आईने नाही लावलं, रवी. तुझ्या बाबाने लावलं.”

मग तिने सांगितलं. ती तेव्हा शाळेत होती. होळीला मायलेकी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन प्रतापच्या खोलीवर गेल्या. त्याने दारातच विचारलं, देवाला नैवेद्य दाखवलाय का. आईला खोटं बोलवेना. ‘मग मला नको,’ म्हणून त्याने दार लावून घेतलं. पुढच्या होळीला त्या माउलीने देवाची क्षमा मागून, जन्मात पहिल्यांदा नैवेद्य न दाखवता पोळ्या डब्यात भरल्या. त्या वेळी तर दार उघडलंच नाही. आत तो खोकत होता, ते दोघींना ऐकू येत होतं.

“हे मला कुणी सांगितलं का नाही?” रवींद्रने विचारलं.

“विचारलंस कधी?” आत्या म्हणाली. “नगरला येऊन चर्चमध्ये तू ही दाराची गोष्ट सांगितलीस, तेव्हा आई जिवंत होती. आमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. शेजारणीने येऊन तिला सगळं सांगितलं. मी तुझ्याशी भांडायला निघाले, तर तिनेच माझा हात धरला. म्हणाली, ‘सांगू दे त्याला. आजीचा राग आला तर येऊ दे, बापाची लाज वाटायला नको.’”

रवींद्रने मान खाली घातली. आमच्यापैकी कुणालाच त्याच्याकडे बघवेना, आणि आत्याकडे बघायला तर आम्हाला तोंडच उरलं नव्हतं.

सियाने हळूच विचारलं, “डॅड, व्हॉट वॉज हर नेम?”

रवींद्रने तोंड उघडलं, पण नाव येईना. त्याने आत्याकडे पाहिलं. आजीचं नाव त्याला माहीतच नव्हतं.