तळ्यावरची जोडीदारीण

राजाभाऊ वझे कोर्टात कारकून होते आणि त्यांची नजर अधू होती. अशा माणसाने पक्षी बघायचा नाद लावून घ्यावा, याला काय म्हणावं! रत्नागिरीच्या बाहेर एका तळ्याभोवती बाग केली होती: जांभ्याचा कठडा, चार बाकं आणि भरपूर शेवाळ. लोक सकाळी फिरायला म्हणून येत नि दुसऱ्यांच्या घरच्या भानगडी चघळून परत जात. राजाभाऊ मात्र पाण्याकडे बघत बसत. त्यांना दिसे ते एवढंच, की पाण्यावर काहीतरी काळं आहे. ते काय आहे हे कमळी सांगायची.

कमळी त्यांची एकुलती एक मुलगी. सहाव्या वर्षापासून ती बरोबर यायची आणि परकर खोचून थेट कठड्यावर चढायची. "भाऊ, टिबुकली! बुडाली... आता त्या लव्हाळ्याजवळ वर येईल बघा." आणि यायचीही तिथेच. रानबदकं किती उतरली, बगळा कुठे दबा धरून उभा आहे, धोबी पक्षी यंदा कुठल्या तिथीला आले, सगळं ती सांगे नि राजाभाऊ वहीत लिहीत. मी त्यांच्याच कचेरीतला. शेजारच्या बाकावरून थट्टा करायचो, "राजाभाऊ, पक्षी पोरगी बघते, मग तुम्ही काय बघता?"

"मी तिला बघतो," ते म्हणायचे.

एकोणतीस साली सरकारने कायदा केला, की येत्या एक एप्रिलपासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावायचं नाही. झालं! गावात जी धांदल उडाली ती काय सांगू. ज्यांच्या मनातही नव्हतं ते मुलींच्या पत्रिका घेऊन धावत सुटले, लग्नं लावायला भटजी मिळेनात. राजाभाऊंना घाई नव्हती. पण आंजर्ल्याच्या एका बागाईतदाराकडून मागणी आली, आणि कमळीच्या आई, सावित्रीवहिनी, म्हणाल्या, "अहो, असं स्थळ दोन वर्षं आपल्यासाठी थांबणार आहे होय?" राजाभाऊंनी मला विचारलं. मी म्हटलं, उडवून टाका बार. फाल्गुनात बारा वर्षांच्या कमळीचं लग्न लागलं. मी मांडवात जिलब्या चापल्या. आज त्याची लाज वाटते.

ती वयात येईपर्यंत माहेरी राहील असं ठरलं होतं. पण सासूबाईंना हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून त्याच वर्षी दिवाळीनंतर बोलावणं आलं. बंदरावर आगबोटीकडे नेणाऱ्या पडावात चढताना तिने विचारलं, "भाऊ, तिथे तळं आहे का हो?"

"समुद्र आहे की गो, केवढा!" राजाभाऊ म्हणाले, आणि आगबोट दिसेनाशी झाल्यावरही धक्क्यावरून हलेनात.

मग सुरू झाली कार्डं. दर पंधरवड्याला ते कमळीला तळ्याची खबर लिहीत. आंजर्ल्यात कार्ड आधी व्याह्यांच्या हाती पडे, ते ओटीवर मोठ्याने वाचत आणि उत्तरही तेच धाडत: "चि. सौ. कमळा खुशाल आहे. पक्ष्यांकडील वृत्त कळले." कचेरीत आम्ही पोट धरून हसलो. राजाभाऊही हसले, पण कार्ड घडी न घालता जपून खिशात ठेवलं.

तिला माहेरी धाडायला दर वर्षी काहीतरी आड येई. कधी नणंदेचं लग्न, कधी सासूबाईंचे गुडघे, कधी आंब्याचा हंगाम. इकडे वही कोरी राहू लागली. एकदा त्यांनी मला विचारलं, "ते काळं काय हो?"

"बगळा असेल."

"बगळा काळा असतो काय!" ते चिडले. मग वही मिटून म्हणाले, "दोन वर्षं थांबायला काय झालं होतं मला?"

चौतीस साल लागता लागता, पौषात कमळी पहिल्या बाळंतपणाला आली. तिसऱ्याच दिवशी सकाळी राजाभाऊ तिला घेऊन तळ्यावर हजर! नवी वही, कोरी पेन्सिल. कमळी लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बाकाच्या कडेला टेकली. त्या दिवशी रानबदकांचा एवढा थवा उतरला होता, की मलासुद्धा दिसला.

"कमळे, किती गो आली यंदा? मोज बघू."

ती पायांकडे बघत होती. तिने क्षणभर मान वर केली आणि लगेच खाली घातली. "पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

"अगो, पण किती?"

"मोजायची सवय गेली हो भाऊ. तिथे असं बघत बसलेलं चालत नाही." मग पदर सावरत म्हणाली, "निघूया? आई एकटीच चुलीशी असेल."

ती दोघं निघून गेली. त्या दिवशी दुपारी कचेरीत राजाभाऊंनी डबा उघडला, तो तसाच ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन वर्षं वाट पाहिली हो. आज ती शेजारी बसली होती, आणि मला तिची आठवण येत होती."