अक्षतेचा एक दाणा

माझा स्वभाव फटकळ आहे, हे आमच्या घरात, सोसायटीत आणि प्रयोगशाळेत कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दिल्लीतल्या मयूर विहारहून पार हरियाणातल्या मानेसरला रोज जायचं म्हणजे आधी मेट्रो, मग कंपनीची बस. एवढं करून पोचलं की टेबलावर कुणीतरी अर्धवट भरलेला फॉर्म ठेवलेला. कोण शांत राहील, सांगा!

काम काय ते आधी सांगते, कारण लोक भलतंच समजतात. ‘स्टेम सेल’ म्हटलं की सोसायटीतल्या बायका आपापले गुडघे पुढे करतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा भाजीच्या गाडीपाशी मला गाठलं नि म्हणाल्या, “अगं, तुझ्याकडे एवढ्या असतात ना, माझ्या गुडघ्यात टाक की थोड्या.” रस्त्यात एका खांबावर जाहिरात लागलेली असते: गुडघे, साखर, टक्कल, सगळ्यावर एकच इंजेक्शन. ती दिसली की माझं डोकंच फिरतं. अरे, आम्ही एका डोळ्यासाठी सशांपासून सुरुवात केली, समित्यांपुढे कागदांचे गठ्ठे नेले, प्रत्येक वेळी “हे पुन्हा करून दाखवा” ऐकून गपगुमान परत आलो, तेव्हा कुठे माणसावर चाचणी करायची परवानगी मिळाली. आणि हे लोक खांबावर टकलावर केस आणतात!

तर आमचं काम फक्त डोळ्याचं. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं तिथे, मूळ पेशींची एक बारीक गोल वस्ती असते. डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा रोज झिजतो आणि या पेशी तो रोज भरून काढतात. तेजाबानं किंवा चुन्यानं ती कड जळाली की भरून काढणारं कुणी उरत नाही. मग पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या पडद्यावर सरकतात आणि माणसाला दिसेनासं होतं. दुसरा डोळा चांगला असेल तर डॉक्टर त्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढून आमच्याकडे पाठवतात. बाळंत झालेल्या बायकांनी दान केलेल्या वारेचं एक पातळ आवरण असतं, त्यावर आम्ही तो रुजवतो. दोन आठवड्यांत त्यावर पेशींचा थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. तोच थर मग जळलेल्या डोळ्यावर बसवायचा.

या पेशींना एक दिवसाआड ताजं पोषण घालावं लागतं. त्यांना रविवार कळत नाही, दिवाळी कळत नाही. आमच्या सासूबाई केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सुट्टी म्हणजे सुट्टी असा त्यांचा बाणा. पण मी रविवारी निघाले की दारातून विचारायच्या, “आज पेशींना काय घालणार?” परत आले की, “जेवल्या का नीट?” सुरुवातीला मला वाटायचं चेष्टा करताहेत. नव्हत्या करत.

चाचणीतला पहिला रुग्ण ठरला तेव्हा आमच्याकडे आला तो फक्त एक क्रमांक आणि ‘डावा डोळा’ एवढे शब्द. नाव आम्हाला कळत नाही, कळू नये असाच नियम आहे. पण दिल्लीच्या रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी मीटिंगमध्ये एवढं सांगितलं की पन्नाशीचे गृहस्थ आहेत, करोल बागेत दागिन्यांत खडे बसवायचं काम करतात. दागिना साफ करताना तेजाब उडालं. एका डोळ्यानं खोली कळत नाही, खडा कोंदणात किती बसला ते उमगत नाही, म्हणून मालकानं त्यांना हत्यारं ठेवायला लावून काउंटरवर बसवलं होतं. बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली होती. चांगल्या डोळ्याला एकदाच हात लावायचा. थर वाया गेला तर दुसरा तुकडा मागायला येऊ नका, त्यांचा डावा डोळा मग आहे तसाच राहील.

आम्ही दोन थर वाढवले. एक तपासण्यांत खर्ची पडला, तो पडायचाच होता. उरला एक.

आता माझ्या सहकारिणीबद्दल. मानेसरजवळच्याच गावातली, तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. हात सोन्याचा, पण बोलणं इतकं कमी की मला कधी कधी वाटे, हिला माझा राग आला तरी कळणार कसा? एकदा भावाच्या लग्नाहून ती कोपरापर्यंत मेंदी लावून आली. सुकलेल्या मेंदीचे कण झडतात आणि आमच्या स्वच्छ खोलीत धुळीचा कणही मोजला जातो. मी तिला मेंदी पार फिकी होईस्तोवर आत पाऊल टाकू दिलं नाही. वर सगळ्यांसमोर बोलले, “इथे लग्नघर नाही.” ती कँटीनमध्ये जाऊन रडली, हे मला नंतर कळलं. वाईट वाटलं, पण कबूल कोण करतो? उलट मी नियमच लिहून टाकला: मेंदी, टिकली, कुंकू, टिळा, पावडर यांतलं काहीही अंगावर किंवा केसांत आढळलं, तर त्या दिवशी आत प्रवेश नाही. कुणालाही नाही. ‘कुणालाही’खाली मी रेघसुद्धा मारली.

थर पाठवायचा दिवस उजाडला. शस्त्रक्रिया दुपारची होती. सकाळी मी चप्पल घालते आहे तोच सासूबाई तबक घेऊन हजर. निरांजन, सुपारी, हळदकुंकू, अक्षता, सगळा जामानिमा.

“अहो आई, आज नको. मला हे चालत नाही.”

“नातवाच्या बोर्डाच्या परीक्षेला ओवाळलं, तुझ्या नवऱ्याच्या बदलीला ओवाळलं. तुझ्या पेशींनी काय घोडं मारलंय? पहिला माणूस आहे ना आज? उभी राहा.”

मुलगा ब्रश करता करता म्हणाला, “आजी, अक्षता मतलब वो लाल चावल ना?” त्याच्या मराठीचं जे काही झालंय त्यावर बोलायला मला वेळ नव्हता. मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कुणीतरी आपल्यासाठी दिवा हातात धरला होता. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी उरलेल्या अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या.

मानेसरला पोचल्यावर मी कपाळ तीनदा साबणानं धुतलं. कातडी लाल झाली इतकं. मग आम्ही दोघी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. तिथे पद्धत अशी की आत जाणाऱ्या दोघींनी एकमेकींना तपासायचं. डोक्यावर टोपडं चढवण्याआधी मी अंबाडा सोडून घट्ट बांधायला घेतला आणि स्टीलच्या बाकावर टिक्कन काहीतरी पडलं.

तांदळाचा दाणा. कुंकवानं लालभडक.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. देवा! हजार नियम लिहिणारी बाई आणि तिच्या डोक्यातून धान्य पडतंय!

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “चावल है.”

“दिख रहा है मुझे.” मी टोपडं उचललं. “चलो, हूड के अंदर सब बंद हो जाएगा.”

ती दारासमोरून हलली नाही. “मॅडम, आपने ही लिखा है. किसी को भी नहीं.”

“अगं, आज पहिला रुग्ण आहे!” मी चिडले की मराठीत शिरते.

“इसीलिए,” ती म्हणाली. तिला मराठी येत नाही, पण माझा आवाज तिला पुरता कळतो.

मी तिच्याकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. मला इतका संताप आला, तिचा, सासूबाईंचा, त्या दाण्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मेंदीच्या वेळी जे मी तिला ऐकवलं होतं त्यातला एक शब्दही तिनं मला ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. मी टोपडं तिच्या हातात दिलं आणि बाहेर पडले.

माझ्या जागी क्वालिटी विभागातल्या एकीला नोंदी वाचायला बोलावलं आणि माझं काम माझ्या सहकारिणीनं हातात घेतलं. सरावाच्या थरांवर तिनं ते कितीदा केलं होतं, पण माणसासाठीचा थर पहिल्यांदाच. काम दिसायला सोपं: बशीतला तो थर उचलून प्रवासाच्या डबीत ठेवायचा, पेशींची बाजू वर. उलटा ठेवला तर फुकट, घडी पडून पेशी घासल्या गेल्या तरी फुकट.

मी काचेबाहेर उभी, हातात इंटरकॉम. “चिमटा थोडा तिरपा. कोपरा पकड. नहीं, वो वाला नहीं. हाथ नीचे. अरे, धीरे!” मी बोलत होते की बोलतच होते. ती थांबली, काचेकडे वळली आणि मास्कमधून तिचा आवाज आला, “मॅडम, प्लीज, आप थोड़ी देर चुप रहिए.” आणि तिनं आतून इंटरकॉम बंद केला.

माझ्या आयुष्यात मला असं कुणी गप्प केलेलं नाही. नवऱ्यानंही नाही.

तिनं थर उचलला, डबीकडे नेला आणि ठेवता ठेवता त्याचा एक कोपरा आत दुमडला. मी काचेवर हात आपटला. ओरडलेही बहुतेक, “ओढ, तो कोपरा ओढ!” आत काही ऐकू जात नव्हतं. ती काहीच करत नव्हती. चिमटा बाजूला ठेवून तिनं नळीनं डबीच्या कडेला थेंब थेंब द्रव सोडायला सुरुवात केली. थर हळूहळू तरंगायला लागला. मला वाटलं, गेलं. संपलं सगळं. बिचारा माणूस काउंटरवरच बसणार जन्मभर. ती थेंब सोडत होती, थांबत होती, पुन्हा सोडत होती. आणि मग तो कोपरा आपला आपण उलगडला, कुणी हात न लावता.

मी भिंतीला टेकले. मी आत असते तर तो कोपरा चिमट्यानं ओढला असता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. माझ्यात तेवढा धीर नाही. ओढला असता आणि फाडला असता.

डबी घेऊन ती गाडीतून दिल्लीला गेली, टोलच्या गर्दीत ती मांडीवर धरून. मी मागे राहून स्वतःविरुद्धचा अहवाल लिहिला. आमच्या धंद्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं मानतात. त्यामुळे लिहावंच लागतं. ‘काय सापडले’ या रकान्यात लिहिलं: तांदळाचा दाणा, रंगीत, नग एक. ‘कारण’ या रकान्यात बराच वेळ पेन अडलं. सासूबाईंनी ओवाळले, असं लिहिलं असतं तर तपासनीस चक्रावला असता. शेवटी ‘घरगुती समारंभ’ असं लिहून सही केली. वरिष्ठांनी अहवाल वाचून मला बोलावलं, हसू दाबत समज दिली आणि नंतर काही ते दाबता आलं नाही त्यांना.

मेंदीबद्दल मी तिची माफी दुसऱ्या दिवशी मागितली. चहा घेताना, सरळ. ती म्हणाली, “कोई बात नहीं, मॅडम,” आणि लगेच पुढे, “पर बात थी.” मग दोघी हसलो.

शस्त्रक्रियेनंतर आठवडे गेले. सर्जनबाईंचे निरोप यायचे: थर टिकलाय, लाली उतरतेय, घाई करू नका. घाई करू नका हे मला! मी रोज फोन करायची आणि त्या रोज तेच सांगायच्या.

तीन महिन्यांच्या तपासणीला बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. रुग्णानंच विनंती केली होती, लेखी संमती देऊन. “जिन्होंने उगाया, उनको देखना है,” असं म्हणाले होते म्हणे. आम्ही गेलो. तपासणीच्या खोलीत बारीक अंगाचे एक गृहस्थ स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. आम्ही दाराशी भिंतीला लागून उभ्या राहिलो.

बाईंनी त्यांचा उजवा डोळा पट्टीनं झाकला आणि आमच्याकडे तोंड करून बसवलं. “अब बताइए, सामने कौन है?”

ते मान पुढे काढून बघत राहिले. मग मान थोडी तिरकी केली, खडा निरखतात तशी.

“दो जनी हैं,” ते म्हणाले. “एक लंबी है, वो रो रही है.”

उंच ती म्हणजे माझी सहकारीण. ती खरंच रडत होती, ओढणी तोंडाशी धरून, आवाज न करता.

“और दूसरी?” बाईंनी विचारलं.

त्यांनी तो डावा डोळा माझ्यावर आणला.

“वो भी,” ते म्हणाले.