पांढऱ्या घोडीचा स्वस्त साज

शेवंती नावाची पांढरी घोडी माझ्यामुळे काळी झाली, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी अमरावतीत वकिली करतो. कमी बोलायची सवय धंद्यातून लागली, असं लोक समजतात. लोकांना काय समजतं, डोंबल!

शेवंती माझ्या वहिनींची. अकोटजवळच्या आमच्या शेतावर त्यांनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. दादाला मात्र ती डोळ्यांपुढे नको होती. बैल नांगर ओढतो, म्हैस दूध देते, ही बया नुसती खाते, हे त्याचं रोजचं भाषण. शेवटी त्यानं अट घातली: अकोटच्या पशुप्रदर्शनात घोडीनं पहिल्या तिनात नंबर काढला तर राहील, नाहीतर अकोल्याच्या वरातीवाल्याला विकणार. वहिनी तयार झाल्या. घोडी होतीच देखणी. पण तिथे जनावराइतकाच साजही बघतात, आणि साज आणायचं काम (मी शहरात राहतो म्हणून!) माझ्या गळ्यात पडलं.

इथून माझा संताप सुरू होतो. दुकानदारानं चामड्याच्या साजाची किंमत सांगितली, तेव्हा मी विचारलं, यात घोडीपण येते का? तो हसला नाही. नुसतं पाहून जायला आपल्याकडे पैसे पडत नाहीत, असं गोड आवाजात म्हणाला. मी पेटलो. याच्या नाकावर टिच्चून घरच्या घरी साज करून दाखवतो, असं ठरवूनच पायरी उतरलो.

लगाम अकोल्याच्या जुन्या शहरातून उचलला, सेकंडहँड. त्याचे अर्धे मणी गळालेले, तिथे बायकोच्या तुटक्या माळेचे बसवले. माळ्यावर एक जुनं खोगीर सापडलं, त्याला हॉलच्या पडद्याची मखमल चढवली. (पडदा कुठे गेला, हा तपास आमच्या घरी अजून चालू आहे.) खोगीर पोटाखालून आवळायला तंग लागतो. चामड्याचा म्हणे महाग. मग खाटेची नवार काय वाईट? अख्ख्या माणसाला पेलते, एका खोगिराला धरणार नाही? डोक्यावरचा तुरा गाडी पुसायच्या पिसांच्या झटकणीतून निघाला.

राहिली चकाकी. मोबाइलवर पाहिलं, मोठ्या प्रदर्शनांत घोड्यांच्या अंगावर कसलासा फवारा मारतात. त्या बाटलीची किंमत वाचून पुन्हा डोकं फिरलं. लुटायला बसलेत सगळे! अकोटात सरकीचं तेल काय कमी आहे? प्रदर्शनाच्या सकाळी वहिनी साडी बदलायला आत गेल्या आणि मी घोडीला मानेपासून शेपटीपर्यंत तेल चोपडलं. उन्हात अशी काही चमकली, की मला त्या दुकानदाराला फोटो पाठवावासा वाटला. वहिनींना वाटलं, आपणच पहाटे घासून धुतल्याची ही चमक.

मैदान काळ्या मातीचं. पिढ्यानपिढ्या त्याच मातीवर जगलेल्या घरातल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पुढून बैलजोड्या गेल्या, धूळ उठली, घोडीवर बसली. बसली ती बसलीच! मग म्हशी गेल्या, दुसरा थर. कोणीतरी उत्साहानं ट्रॅक्टर फिरवला. वहिनी पदरानं पुसायला गेल्या तर माती आणखी पसरली, आणि पदरही गेला. तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, की शेवंती नावाची पांढरी घोडी पुढे आणा. वहिनींनी आणली ती डांबराच्या पिंपातून काढल्यासारखी. परीक्षकांनी विचारलं, पांढरी कुठे आहे?

"हीच हाय पांढरी," वहिनी म्हणाल्या.

अख्खं मैदान हसलं. परीक्षकांना वाटलं, नाव एकीचं देऊन दुसरीच आणली. खात्री करायला त्यांनी घोडीवर बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं, रुमालानं कपाळ पुसलं, आणि त्यांचाही रंग बदलला. तरी भला माणूस, पळवून दाखवा म्हणाला. तेलकट पाठ आणि सैल पडलेली नवार! खोगीर गरकन फिरून पोटाखाली गेलं, पडदा खुरांत आला, शेवंती बिथरली आणि तुरा उडून परीक्षकांच्या चहात पडला. नंबर कसला? म्हशींतही लागला नसता.

दादा तडकला तो वहिनींवर. हिला घोडीला काहीबाही चोपडायची खोडच आहे म्हणाला. आपण तेल लावलंच नाही, असं वहिनी परोपरीनं सांगत होत्या. मग दोघंही माझ्याकडे वळले. माझे हात पँटच्या खिशात होते.

"विनू, तू लावलं काय बे?" दादानं विचारलं.

"मी कशाला घोडीला हात लावतो?"

"तेही खरं हाय. हा तं शेळीलेही भेते," दादा म्हणाला, आणि विषय मिटला. भित्रेपणाचा असा फायदा क्वचितच कोणाला झाला असेल! हातांना वास येत होता, पण अकोटात सरकीचा वास वेगळा कोणाला कळतो?

शेवंती त्याच आठवड्यात विकली गेली.

मागच्या लग्नसराईत आम्ही सगळे अकोल्याला एका लग्नाला गेलो. नवरदेव जिच्यावरून उतरला ती शेवंती. पांढरीशुभ्र, खऱ्या चामड्याच्या साजात. मंडळी जेवायला गेली. वहिनी तिच्या मानेवर हात ठेवून तिथेच उभ्या. मी बोलवायला गेलो.

"भाऊजी," त्या तिच्याकडेच बघत म्हणाल्या, "हे अजून म्हनतात, तूच लावलं. घोडी माह्यापायीच गेली म्हनतात. मले एवढंच समजून नाही राहिलं, तेल कोनं लावलं असन."

बोलायची वेळ ती होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी घसा साफ केला.

"वहिनी," मी म्हणालो, "पुऱ्या थंड होऊन राहिल्या."

(पुऱ्या अजून तळायच्या होत्या.)

कोर्टात मी दुसऱ्यांना उलटतपासणीत घाम फोडतो, आणि एका बाईच्या साध्या प्रश्नावर पुऱ्या काढतो! राग येतो तो आता याच माणसाचा. तेल मी लावलं, हे वहिनींना, दादाच्या समोर, मी सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.